कापडी पंखांची खांदशेकणी

मित्रांनो, माझे पंख कापडाचे आहेत. हसू नका. मी एक जुने शिकाऊ विमान आहे आणि माझ्या काळी विमाने अशीच असत: लाकडाच्या फासळ्या, त्यांवर ताणून शिवलेले घट्ट विणीचे कापड आणि कापडावर रोगणाचे हात. रोगण वाळले की पंख डफासारखे वाजत. कितीतरी नवशिक्या तरुणांना मी उडायला शिकवले. उतरताना ते मला आपटत, मी उसळी घेई आणि पुन्हा चाकांवर उभे राही. पुढे ते मोठी विमाने चालवू लागले, तरी जाता-येता माझ्या नाकावर थाप मारून जात.

माझे कापड सांभाळायला रिठदचे इंद्रभान होते. त्यांची शिवण मी अंधारातही ओळखीन. दर चार टाक्यांनंतर ते गाठ मारत, त्यामुळे एखादा टाका तुटला तरी शिवण उसवत नसे.

मग धातूची विमाने आली आणि मी कोपऱ्यात गेले. तिथे उंदरांनी माझ्यात संसार मांडले. इंद्रभान निवृत्त झाले तेव्हा मी लिलावात निघाले होते. त्यांनी माझे पंख उतरवले, मला मालमोटारीत घातले आणि कारंज्याला आणले. सत्तर सालची ही गोष्ट. कापसाच्या एका बंद प्रेसच्या शेडमध्ये मी, एक ग्लायडर आणि दोन इंजिने, एवढेच आमचे विमानघर. बाजाराच्या दिवशी माणसे चपला दाराबाहेर काढून आत येत. बायका मान वर करून माझ्या पंखांकडे बघत राहत. "मायबाई, लुगडंच नेसलं हे तर!" असे त्यांतली एक म्हणाली होती. एवढे कौतुक मला आकाशातही मिळाले नव्हते.

पहिल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी इंझोरीचे ग्यानबा आले. इंद्रभानांचे ते जुने मित्र. एका हातात लोणी-हळदीची वाटी, दुसऱ्या हातात पळसाची पाने. वर्षभर ओढणाऱ्या बैलांचे खांदे या संध्याकाळी लोणी-हळदीने शेकतात; ते काम उरकून ते थेट माझ्याकडे आले होते. पंख जिथे अंगाला जोडलेला असतो, तिथे त्यांनी मायेने लोणी चोळायला सुरुवात केली.

"ग्यानबा! अरे, काय करून राह्यला?"

"खांद शेकून राह्यलो. यानं का कमी ओढलं?"

"लोण्यानं रोगण सुटते ना बाप्पा! कापड सडवतं का माह्यं?"

"मंग याचा खांदा कोठी हाय, तूच सांग!"

इंद्रभान रागावले होते, पण त्यांना हसू आवरेना. त्यांनी तळव्याएवढे कापड कापून काढले आणि तिथे नवे ठिगळ शिवले. मग ग्यानबांना खाली वाकवून माझ्या चाकांचा लोखंडी आस दाखवला. "हा याचा खांदा. येथी लाव, किती लावतं ते." तेव्हापासून दरवर्षी आसाला लोणी लागे. बैलांना देतात तसेच सणाच्या जेवणाचे आमंत्रण देत ग्यानबा मला म्हणत, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." इंद्रभान शेजारी हात जोडून उभे असत.

वीस वर्षे असेच चालले. यंदा उन्हाळ्यात इंद्रभान गेले. शेडच्या मालकाला कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी जागा मोकळी हवी होती. ग्लायडर आणि इंजिने नागपूरच्या एका कॉलेजने नेली. मला कोणी मागितले नाही. माझे लाकूड सुताराला द्यायचे ठरले. इंद्रभानांची मुलगी वच्छला वाशिमला शिक्षिका आहे. ती शेडची किल्ली परत करायला आली, तो नेमका पोळ्याचा आदला दिवस होता.

ती रडली नाही. तिने फडके घेऊन माझी धूळ पुसली. पंखाच्या मुळाशी तिचा हात थांबला.

दारातून ग्यानबा आले. हातात वाटी.

"ग्यानबाकाका, हे ठिगळ कायचं?"

"माह्या लोण्याचं! तुह्या बापानं ते लय शिव्या देऊन शिवलं."

वच्छला ठिगळावरून बोट फिरवत राहिली. चार टाके, गाठ. चार टाके, गाठ. "माह्यं शाळेचं दप्तर असंच शिवलं होतं बाबानं," ती म्हणाली. "फाटलं, पण उसवलं नाही."

"काका, सुताराले नाही द्यायचं हे. पण ठेवू कोठी?"

"काहून? माह्या गोठ्यात अर्धी जागा मोकळी हाय. पंख उतरव, चार बैलबंड्या आणतो. बैलाच्या शेजारी बांधू."

"गोठ्यात विमान! लोक हसतीन, काका."

"हसाले येतीन तं पाहूनही जातीन."

ग्यानबा खाली बसले, पण आता त्यांच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हते. वच्छलेने त्यांचा हात धरून आसावर ठेवला. लोणी लावून झाल्यावर ते म्हणाले, "आवतन तू दे."

ती हात जोडून उभी राहिली.

"आज आवतन घे," ती म्हणाली, "उद्या जेवाले ये."

मित्रांनो, मी आता इंझोरीच्या गोठ्यात असते. सुटीच्या दिवशी वच्छला सुई-दोरा घेऊन येते. तुम्हीही या. पंखांना हात लावण्याआधी तेवढे हात पुसा. आणि तुमच्याही घरी कोणी आयुष्यभर ओझे वाहून उभे असेल, तर त्याचा खांदा कुठे आहे, हे आधी त्यालाच विचारा.