पांढऱ्या ठिपक्यांची गाडी

मी एक जुनी, उंच, चौकोनी तोंडाची गाडी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगते, माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून म्हणतात, "वा, किती छान जपलीय." जपलीय म्हणे. कशी जपली ते ऐका.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. माझे मालक. टपावर पाइप, मागे जड पंप, आणि सुटीच्या दिवशी त्याच जागेवर अंथरूण टाकून त्यांची दोन मुलं. थोरला झोपायचा आणि धाकटी त्याच्या पोटावर पाय टाकून घोरायची. मालक बोलायला कमी, पण माझ्याखाली शिरून बघितल्याशिवाय लांबच्या रस्त्याला कधी लागले नाहीत. त्यांची एक रीत होती. स्वतः बसवलेल्या प्रत्येक भागावर ते पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचे. ठिपका म्हणजे, हे मी बसवलंय, यावर मलाच नजर ठेवायची आहे. भाग झिजला की तो काढायचा, भंगारात टाकायचा, नवा बसवायचा आणि त्यावर नवा ठिपका. जुन्या रबराचा त्यांना काडीचाही लळा नव्हता.

मालक गेले आणि महिना व्हायच्या आत थोरल्याने मला विकून टाकलं. गरज सरो, वैद्य मरो. वाळू-विटांच्या एका ठेकेदाराने मला राब राब राबवलं आणि माझा दम संपल्यावर कुंपणाशी उभं केलं. वर्षांमागून वर्षं गेली. मागच्या सीटवर एका मांजरीने पिलं घातली, तेवढीच काय ती सोबत. मुलांपैकी कुणी साधं विचारायलाही आलं नाही.

मग एक दिवस दोघं उगवली. आईला सत्तरावं वर्ष लागणार होतं आणि त्या दिवशी तिला बाबांच्याच गाडीतून घाट उतरून मावशीकडे न्यायचं, असं धाकटीने ठरवलं होतं. माझ्या बॉनेटवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. मीही विरघळले, खोटं कशाला बोलू? ठेकेदाराने भंगाराच्या भावात मला त्यांच्या हवाली केलं.

गॅरेजमध्ये माझी हौस पुरवली म्हणता तशी पुरवली. नवा रंग, मऊ सीट, चकचकीत दिवे. मिस्त्री माझ्याखाली जाऊन आला आणि म्हणाला, "दादा, पुढच्या ब्रेकच्या नळ्या फुगल्यात. रबर म्हातारं झालंय, बदलायला लागेल."

धाकटी वाकून बघायला लागली आणि तिला ठिपका दिसला. "दादा, हे बघ. बाबांच्या हातचं आहे हे."

थोरल्याने ठिपक्यावरून बोट फिरवलं. "मग याला हात लावायचा नाही. जिथे जिथे ठिपका आहे, ते सगळं तसंच राहू द्या."

"अहो, पण ब्रेक आहे तो."

"असू दे. रंग बदला, सीट बदला. बाबांचं तेवढं राहिलं पाहिजे."

"तुमची गाडी, तुमची मर्जी," असं म्हणून मिस्त्री दिवे पुसायला लागला. त्यालाही बोलून वाईट कशाला व्हायचं होतं?

मित्रांनो, मला तळपाय नाहीत, पण त्या वेळी टायरची आग टपापर्यंत गेली. वरून कीर्तन, आतून तमाशा! ज्या ठिपक्याचा अर्थ "लक्ष ठेवा" असा होता, त्यालाच या दोघांनी "हात लावू नका" करून टाकलं होतं. आणि त्या कुजक्या नळीच्या भरवशावर माझ्यात बसणार होती मालकांची बायको आणि धाकटीची चार वर्षांची मुलगी. मला तोंड असतं तर दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

वाढदिवसाच्या सकाळी सगळे नटूनथटून बसले. थोरला चालवायला, आई पुढे, धाकटी आणि नात मागे. घरासमोरच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला. नळी फाटली आणि पाय थेट तळाला गेला. मी सुटले. मी अडीच टन लोखंड आहे हो, एकदा सुटले की माझं मलाही आवरत नाही. थोरल्याने कसाबसा हँडब्रेक ओढला आणि मला बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातलं. नात रडायला लागली. लागलं कुणालाच नाही.

आई खाली उतरली. चाकामागून तेल गळत होतं. "ही नळी कधीची?" तिने विचारलं.

"बाबांनी बसवलेली," धाकटी म्हणाली. "ठिपका होता ना, म्हणून मुद्दाम ठेवली."

आईने वाकून तो ठिपका पाहिला. मग बोलली ती हळूच, पण मी तिला इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तुमच्या बाबांनी फाटकी बनियन दहा वर्षं घातली. पण ब्रेकचं रबर चिरलेलं दिसलं तर भरल्या ताटावरून उठायचा तो माणूस. कुणासाठी उठायचा? तुम्ही दोघं मागे झोपलेली असायचात म्हणून. आज घाटात असतो, तर माझी नातही तुमच्यासाठी आठवणच झाली असती."

थोरल्याने तिथूनच मिस्त्रीला फोन लावला.

नव्या नळ्या बसल्या. फाटलेली नळी धाकटी रुमालात गुंडाळत होती. आईने ती तिच्या हातातून घेतली आणि भंगाराच्या डब्यात टाकली. मावशीकडे जायच्या दिवशी ती दार उघडूनही आत बसेना. "आधी दोघं खाली शिरा आणि नीट बघून या," म्हणाली. थोरला इस्त्रीच्या शर्टात मातीवर आडवा झाला, त्याच्या शेजारी धाकटी. दोघं बाहेर आल्यावरच आईने पाय आत ठेवला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाची तरी आठवण म्हणून एखादी जुनी वस्तू असेल. तिचं झिजलेलं बदला, सैल झालेलं आवळा, आणि जमत नसेल तर तिच्यात माणसं बसवू नका. माझ्या बॉनेटवर डोकं ठेवून रडायचं असेल तर खुशाल रडा. पण आधी ते बॉनेट उघडून ऑइल बघा.