व्हर्लीनताईंचे दार

व्हर्लीनताईंचा पांढरा हातमोजा डीकन थिओटिस यांच्या छातीसमोर वीतभर अंतरावर थांबला. पाचही बोटे जुळलेली, तळवा पुढे. या खुणेचा अर्थ आमच्या चर्चमध्ये शेंबड्या पोरालाही कळतो: थांबा.

"हात बाजूला घे, व्हर्लीन," डीकन म्हणाले. "या चर्चच्या विटा मी वाहिल्यात."

ताईंनी दुसऱ्या हाताने स्टुलावरची टोपली दाखवली. तिच्यात नाड्यांचे पांढरे मास्क होते, त्यांनी स्वतः शिवलेले, आमच्या गणवेशाच्याच कापडाचे.

बाजूच्या दारावर माझी सेवा असते. तिथून मला सगळे दिसत होते. डीकन म्हणजे चर्चचे कारभारी, त्यातही थिओटिस म्हणजे बडे प्रस्थ. त्यांनी मनात आणले असते तर पुढच्या रविवारी ताईंच्या जागी दुसरेच कोणी उभे राहिले असते. आणि ताईंकडे त्या दाराशिवाय होते काय? आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायचे आणि रविवारी कडक इस्त्रीचा गणवेश घालून दारात उभे राहायचे. एकेचाळीस वर्षे झाली.

आमच्यात दारावर सेवा करणाऱ्याने बोलायचे नसते. सगळा कारभार खुणांचा. उजवीकडच्या बाईने हात वर करायचा, डावीकडचीने छातीवर हात ठेवून उत्तर द्यायचे, मगच माणूस आत जाणार. उजवीकडे व्हर्लीनताई आणि डावीकडे डीकनांची बायको, अर्नेस्टीन. ही जोडी अशी की प्रार्थना चालू असताना उशिरा आलेले पाळकसाहेबसुद्धा बाहेर ताटकळले आहेत.

मार्चमध्ये साथीच्या रोगाची कुणकुण लागली तेव्हा गणवेश चढवताना अर्नेस्टीनने विचारले होते, "अगं, हात मिळवणं बंद करायचं का?"

ताई हसल्या. "आपल्या हातात मोजे आहेत की! आपल्याला कसली धाड भरतेय?"

त्या रविवारी दोघींनी दीडशे जणांचे हात हातात घेतले, म्हाताऱ्यांना मिठ्या मारल्या आणि त्याच मोज्यांनी तोंडावरचा घाम पुसला. एप्रिलमध्ये अर्नेस्टीन गेली. दफनाला दहाच माणसांना परवानगी होती. ताई त्या दहांत नव्हत्या.

ऑगस्टमध्ये चर्च पुन्हा उघडले, तो हा पहिला रविवार. आमच्या अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराचा उकाडा, बाहेर पायऱ्यांवर रांग, आणि दारात हे दोघे.

"बायको गेली माझी," डीकनांचा आवाज चढला. "देवाला न्यायचंच होतं, तर हे फडकं काय अडवणार होतं? प्रभूच्या घरात मी तोंड झाकून जाणार नाही."

"जाऊ द्या हो ताई, दुःखात आहेत ते," रांगेतून कोणीतरी म्हणाले. खोटे कशाला बोलू, मलाही तसेच वाटले.

मग ताई बोलल्या. दारात त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"तिला आजार याच दारात लागला, थिओटिसभाऊ. ती विचारत होती, मीच म्हटलं, मोजे आहेत, काही होत नाही. माझं चुकलं. चार महिने हे तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. पण आता या दारातनं तसं कोणी जायचं नाही. मला काढायचं तर उद्या काढा. आज दार माझ्याकडे आहे."

हात तसूभरही हलला नाही. त्या बाईच्या अभिमानाने माझा ऊर भरून आला.

 डीकनांनी टोपलीतला एक मास्क उचलून तोंडाला लावला. नाड्या काही त्यांना जमेनात.

"टायसुद्धा तीच बांधायची," ते पुटपुटले आणि पाठ करून उभे राहिले.

ताईंनी मागून दोन गाठी मारल्या. हातांतले मोजे काढून नवे चढवले. आणि सवयीने डावीकडे पाहून हात वर केला.

डावीकडे कोणीच नव्हते. ताईंचा हात वरच राहिला. उत्तर आल्याशिवाय माणूस आत जात नाही.

तीस वर्षे बायकोला त्या जागी पाहिलेल्या डीकनांनी आपला उजवा हात छातीवर ठेवला.

तेव्हा ताईंनी हात खाली घेतला. डीकन आत गेले.