भेगेवरची पट्टी

फ्रान्समधल्या आमच्या गावातल्या घरांना माणसाने बांधलेल्या भिंती तीनच. चौथी म्हणजे कडा. पाठीशी हा चुनखडीचा कडा, पायाशी दोर्दोन्य नदी, मध्ये जेमतेम रस्ता. कड्याला भेग दिसली की तिच्यावर प्लास्टरची पट्टी आडवी लावतात. पट्टी तडकली तर दगड हलला समजायचं, महापौरांना कळवायचं आणि घर रिकामं करायचं.

ऑगस्टमधल्या रविवारी माझ्या भावाची, गास्तोंची नात माएल तान्ह्या बाळाला घेऊन पहिल्यांदाच त्याच्याकडे आली. मी अक्रोडाचा केक घेऊन गेले, तर झोपायच्या खोलीतली पट्टी दुधासारखी पांढरी. जुनी तर चुलीच्या धुराने कधीच पिवळी पडली होती.

"गास्तों, ही नवी कधी लावली?"

"तू चष्मा बदल, सोलांज."

जन्माचा हट्टी! त्याची बायको याच खोलीत वारली, तेव्हापासून त्याने पलंगसुद्धा हलवलेला नाही. मला राग आला आणि वाईटही वाटलं. पण आता गप्प बसायचं नाही असं मी ठरवलं.

तेवढ्यात माएल बाळाचा चाकांचा पाळणा ढकलत आत आली. "बाहेर नुसती भट्टी आहे, आजोबा. इथे दगडाशी कसं गार वाटतंय!" तिने पाळणा थेट कड्याला टेकवला.

मी तोंड उघडणार, तोच गास्तों उठला. त्याने बाळाला उचललं आणि अनवाणीच रस्त्यापलीकडे नदीकाठी जाऊन उभा राहिला. आम्ही दोघी मागे धावलो.

"पट्टी तडकली होती," तो म्हणाला. "मी बुजवली. परत तडकली, परत बुजवली. महापौरांना फोन कर, सोलांज."

माएलचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बाळाला ओढूनच घेतलं. "आणि तुम्ही रोज तिथेच झोपत होतात?"

"माझं काय, म्हातारा माणूस. घर गेलं तर तू येणार कुठे?"

"मी काय त्या दगडाला भेटायला आले होते?" ती ओरडली. "तुम्हाला भेटायला आले ना?"

तिथेच नदीकाठी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर माझा हट्टी भाऊ रडू लागला.