लाकडी चाकू

छावणी भागातल्या माझ्या स्वसंरक्षणाच्या क्लासला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी झापायचो. उंच लाथा, गिरक्या, असली थेरं इथं चालणार नाहीत. रस्त्यावरची मारामारी चार सेकंदांत संपते. पळता आलं तर पळा, नाही आलं तर समोरच्याचं मनगट सोडू नका. वीस वर्षं हेच शिकवलं आणि त्याचा मला माज होता.

प्रांजली माझी सगळ्यात तयार विद्यार्थिनी. खुलताबादकडच्या धनगराची पोर, इथं नर्सिंग शिकायला आलेली. जोडीदार लाकडी चाकू घेऊन अंगावर आला की मनगट पिळून एका दमात काढून घ्यायची. मग चाकू त्याच्या हातात परत द्यायचा, पुन्हा वार, पुन्हा हिसका. रोज पन्नास वेळा. परत देण्यात कुणी वेळ घालवला की मी खेकसायचो, "पटकन दे त्याला!"

मार्चमध्ये भर दुपारी एका गल्लीत एकानं तिच्या मोबाइलसाठी खरा चाकू काढला. मागं भिंत होती, पळायला जागाच नव्हती. पुढचं मी पोलीस चौकीत कॅमेऱ्याच्या चित्रणात पाहिलं. तिनं चाकू हिसकावला, अगदी मी शिकवला तसा. मी खुर्चीतून अर्धा उठलोसुद्धा. मग तिनं चाकूची मूठ त्याच्याकडे केली आणि तो पटकन त्याला परत दिला. त्यानं वार केला.

"पोरगी घाबरली असेल," हवालदार म्हणाला. मी गप्प बसलो. भित्रा मी निघालो.

तेराव्यानंतर तिची आई, बानाबाई, तिचे बूट न्यायला क्लासवर आली.

"सर, समदे म्हणत्यात पोरगी भ्याली. माझी प्रांजली लांडग्याला कधी भ्याली नाय. तुमी सांगा, भ्याली व्हती का?"

'हो' म्हटलं असतं तर मी सुटलो असतो.

"नाही मावशी," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. चाकू परत द्यायची सवय मीच लावली, खेकसून खेकसून लावली. ती माझ्यामुळं गेली. बोलता बोलता मला रडू आवरेना. वाटलं, आता ही थोबाडीत देईल. द्यावी असंच वाटत होतं.

बानाबाई खाली बसून बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत राहिली.

"घरात कुणाचं म्हणून ऐकायची नाय ती," ती म्हणाली. "तुमचं ऐकलं."