न शिजलेली डाळ

साहेब, बॉयलर तपासनीस म्हणून आलात आणि नळ्या न पाहताच तुम्ही 'तपासणी समाधानकारक' असं लिहून सही केलीत. गाडीतून उतरलात, मॅनेजरच्या थंड खोलीत ताक प्यालात आणि गेलात. बॉयलरचं झाकण त्या दिवशी कोणी उघडलंच नाही. मी तिथेच होतो. अकोल्याच्या या रंगाईच्या कारखान्यात मी वेल्डर आहे.

बॉयलरवर तेव्हा ओमप्रकाशभाऊ होते. बावीस वर्षं त्यांनी त्या भट्टीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या कांड्या जळणाला घातल्या. मे महिन्यात पाण्यातला क्षार काढून ते मऊ करायचं यंत्र बिघडलं आणि मॅनेजरनं खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या बोअरचे टँकर थेट बॉयलरला लावले. पंधरा दिवसांत धुराड्याच्या उष्णतेचा काटा दोनशे दहा अंशांवरून दोनशे ऐंशीवर गेला.

"वाफ तेवढीच, कांड्या दीडपट. मंग आच चालली कुठं?" ओमप्रकाशभाऊंनी मला विचारलं.

"धुराड्यातून."

"बराबर. पाण्यापर्यंत पोचूनच नाई राह्यली. नळ्यांवर खार बसला."

मी म्हटलं, मग कांड्या जास्त लागतील, एवढंच ना.

"येडा हायेस. पाणी भरलेला गंज, पातेलं म्हण, चुलीवर लाल होते का? नाई होत. पाणी त्याची आच ओढून घेते. मधात खाराची गोधडी आली का आत पाणी असून गंज कोरडाच. लोखंड लाल होते, नरम होते, मंग फुटते. अन् दाबाचा काटा शेवटपर्यंत बराबरच दाखोते."

पाणी तपासायचं औषध महिनाभर संपलेलं. म्हणून त्यांनी टँकरचं पाणी कॅनमध्ये भरून घरी नेलं आणि शकुनवहिनींना त्यात तुरीची डाळ टाकायला लावली. आमच्याकडे खाऱ्या पाण्याची परीक्षा बाया अशीच करतात.

"अजी, तीन तास झाले. डाळ हाय का गारगोट्या?" वहिनी म्हणाल्या.

"राहू दे. उद्या मॅनेजरसाहेबाले जेऊ घालतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. मॅनेजर हसला. "डाळीवर बॉयलर चालतो का, ओमप्रकाश?"

"नाई साहेब. पण जे पाणी डाळ नाई शिजवत, ते नळ्या शिजोते."

मॅनेजरनं तुमच्या सहीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. डबा परत दिला.

दुपारी दोनला ओमप्रकाशभाऊंनी भट्टीतला विस्तव बाहेर ओढला आणि दाब उतरू दिला. कापड अर्ध्या रंगात अडकलं. तासाभरात त्यांना फाटकाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी भट्टीवर त्यांचाच जावई आला, मनोज. बॉयलर चालवायचा परवाना त्याच्याकडेही आहे.

"जावईबापू, नका पेटवू," फाटकाशी सासऱ्यानं अडवलं.

"मामाजी, तुमी घरी बसले. मीबी बसलो तं दोन घरच्या चुली कोण पेटवीन? अन् त्या तपासणीवाल्या साहेबाची सही हाय ना."

 मग ओमप्रकाशभाऊंनी पिशवीतून आपले जाड हातमोजे काढून त्याला दिले. "दाबाकडं नका पाहू. धुराड्याचा काटा पाहा. तीनशेवर गेला का मांगं न पाहता पळा. नोकरी राहते मांगं तं राहू द्या."

तेव्हापासून पाळी सुरू झाली की ते फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली येऊन बसतात. अंगात कारखान्याचाच खाकी सदरा, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. तिथून काटा दिसत नाही, नुसतं धुराडं दिसतं. रस्त्यावरचे लोक रामराम करतात, त्यांचं लक्ष नसतं. कोणी विचारलं तर म्हणतात, "जावयाची वाट पाहून राह्यलो."

काल पाळी सुटल्यावर मनोज बाहेर आला.  लिंबाखाली येऊन त्यांना म्हणाला, "दोनशे ब्याण्णव."

आज सकाळी भट्टी पुन्हा पेटली आहे. मनोज आत आहे, मी आत आहे, एकशे चाळीस माणसं आत आहेत. ओमप्रकाशभाऊ लिंबाखाली आहेत, डबा मांडीवर.

साहेब, त्या नळ्यांवर किती जाड थर आहे? कागद नको. बॉयलर थंड करा, झाकण उघडा, हात घाला आणि सांगा.