शिवून टाकलेला लगाम

मित्रांनो, मी विजेवर चालणारा एक जुना हेज ट्रिमर आहे. झुडपांची कुंपणे छाटणे हा माझा धर्म. आज मी शिंप्याच्या पडवीतल्या खिळ्यावर टांगलेलो आहे. पात्यावर गंज आहे आणि दोन्ही मुठींवर फाडलेल्या कापडाच्या चिंध्या लोंबत आहेत. त्या चिंध्यांची हकिगत सांगितल्यावाचून माझे आयुष्य सांगून होणार नाही.

माझे पोलाद भट्टीत वितळले, घणाखाली ठेचले गेले आणि सहाणेवर ठिणग्या उडेपर्यंत घासले गेले. दातांच्या दोन रांगा एकमेकींवरून सरकू लागल्या, तेव्हा त्यांच्यामध्ये सापडेल ते तुटणार हे मला उमगले. पण ज्यांनी मला दात दिले, त्यांनीच मला लगामही दिला. माझ्या पुढच्या मुठीवर एक खटका आहे आणि मागच्या मुठीवर दुसरा. दोन्ही हातांनी दोन्ही खटके दाबले तरच मी चालतो. एक हात सुटला की दात जागच्या जागी थिजतात.

दुकानात माझ्या शेजारी लांब दांड्याचा एक भाऊबंद उभा असे. त्याचे पाते आखूड, दात बारीक. एके दिवशी शिंपी आणि त्याची बायको तेथे आली. शिंप्याने मला उचलले आणि कात्री पारखावी तसा माझ्या धारेवरून अंगठा फिरवला.

दुकानदाराने विचारले, "मास्तर, कुंपण किती उंच आहे?"

"माझ्या डोक्यावर आणखी एक माणूस उभा राहील एवढं."

"मग हा दांड्याचा न्या. जमिनीवर उभं राहून शेंडा कापता येतो. हा दुसरा जड आहे, त्याला दोन्ही हात लागतात. शिडीवर चढून चालवायचा नाही."

"त्या दांडीवाल्याच्या दातांत दम नाही," शिंपी म्हणाला. "मला कुंपण कुरतडायचं नाही, कापायचंय."

"अहो, कुंपण कापायचंय की भाऊजींना?" बायकोने विचारले.

"तू गप्प बस," असे म्हणून शिंप्याने मला काखेत मारले. उंचीचा प्रश्न होता. निवड मात्र रागाने केली.

त्या रागाचे मूळ मला घरी कळले. कुंपणापलीकडे त्याचा धाकटा भाऊ राहत असे, तोही शिंपीच. वडिलांच्या मागे कापड बेतायच्या मोठ्या टेबलावरून दोघांत जुंपली आणि अखेर त्यांनी ते टेबल करवतीने मधोमध चिरले. दोन-दोन पायांचे अर्धे टेबल प्रत्येकाने आपापल्या भिंतीला टेकवले. मधले गुडघाभर कुंपण मग कोणी छाटलेच नाही. एकमेकांचे तोंड दिसू नये म्हणून त्यांनी ते वाढू दिले, आणि आता त्याच्या सावलीने दोन्ही घरे अंधारली होती.

खालचा भाग मी सपासप कापला. "ताग्यावर कात्री चालावी तसा चालतो!" शिंपी कौतुकाने म्हणाला. माझी तेवढीच काय ती स्तुती झाली. शेंड्यासाठी तो शिडीवर चढला तेव्हा एक हात शिडीला हवा होता, आणि त्याने हात सोडताच मी थांबलो. पुन्हा धरले, पुन्हा सोडले, पुन्हा थांबलो.

"यंत्र होऊन मला शिकवतोस?" तो गुरगुरला.

त्याने मला घरात नेले, माझ्या मुठींची मापे घेतली आणि पट्ट्याच्या जाड कापडाच्या दोन वाद्या शिवल्या. वर कधी उजवा हात लागणार, कधी डावा, म्हणून दोन्ही खटके त्या वाद्यांनी कायमचे दाबून टाकले. दुहेरी शिवण, मेण लावलेला दोरा. वाद्या इतक्या नेमक्या बसल्या की त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

बायको म्हणाली, "त्याचा गळा का आवळताय?"

"तू भिंतीवरच्या बटणापाशी उभी राहा. मी वर पोचलो की दाब."

तिने बटण दाबले आणि मी पिसाळलो. फांद्या ओरबाडल्या, साली सोलल्या. एक घरटे माझ्या दातांत आले. अंडी फुटून बलक पात्यावरून ओघळला आणि पाखरू शिंप्याच्या डोळ्यांवर झेपावू लागले. तरी तो थांबला नाही. तोडलेल्या फांद्या तो मुद्दाम पलीकडे भिरकावत होता.

धाकटा धावत बाहेर आला. "दादा, डोकं फिरलंय का तुझं? माझ्या दारात कचरा टाकतोस?"

"तुझ्याच बाजूचा आहे, घे पदरात!"

"ही फांदी माझी आहे. हात लावून दाखव!" धाकट्याने फांदी धरून खाली ओढली. थोरला ती तोडायला झेपावला, आणि शिडी सरकली.

शिंपी डोके खाली, पाय वर असा कुंपणात घुसला. काट्याकुट्यांत त्याचे हात अडकले. मी त्याच्या मुठीतून सुटलो, पण थांबलो नाही. फांद्यांत अडकलेल्या वायरीला लोंबकळत मी त्याच्या तोंडासमोर झोके घेऊ लागलो. पहिल्या झोक्यात त्याची कॉलर गेली. दुसऱ्यात कानाची पाळी चिरली. मित्रांनो, मला थांबायचे होते. पण माझे थांबणेच त्याने शिवून टाकले होते.

बायको बटण सोडून शिडीकडे धावली होती. धाकटा फांद्या मोडत आत शिरला. त्याने मला कवटाळले आणि वादी तोडू लागला.

"तुटत नाही रे, दादा! काय शिवलंयस हे!"

त्याचा हात घसरला. माझ्या दातांत हाड आले. रक्ताची चिळकांडी थोरल्याच्या चेहऱ्यावर उडाली. तरी धाकट्याने मला सोडले नाही, छातीशी दाबून मागे खेचले.

"वहिनी, बटण!" तो किंचाळला.

मग सगळे शांत झाले. पानांवरून रक्त टपकत होते, तेवढाच आवाज.

धाकट्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. कात्री धरायची बोटे. तो इस्पितळातून परतला त्या दिवशी थोरल्याने माझ्यावरच्या वाद्या फाडल्या. शिवण उसवेना, कापडच फाडावे लागले. मग त्याने आपले अर्धे टेबल डोक्यावर घेतले आणि कुंपणाच्या भगदाडातून पलीकडे गेला.

"कुठे ठेवू?"

धाकट्याने पट्टी बांधलेला हात पुढे केला. मग म्हणाला, "ठेवून काय करू? कात्री कोण धरणार?"

"मी. तू खडूने खुणा कर."

"डाव्या हाताने? वाकड्या होतील."

"होऊ देत."

"आणि मग म्हणशील, धाकट्याने कापड नासवलं."

"म्हणेन," थोरला म्हणाला, आणि तेथेच उंबऱ्यावर बसून हमसून रडू लागला.

आता ते कुंपण कमरेइतके आहे. लांब दांड्याच्या माझ्या भाऊबंदाने ते खाली आणले. दोन घरांतून एकमेकांना हाका ऐकू येतात. भांडणेही ऐकू येतात.

मित्रांनो, मला तेल मिळाले नाही याचे मला दुःख नाही. एवढीच विनवणी आहे: यंत्र निवडायला जाल तेव्हा मनातला राग दुकानाबाहेर ठेवा आणि आधी कुंपणाची उंची पाहा. आणि जो खटका हात सुटताच यंत्र थांबवतो, त्याला कधीही बांधू नका. माझ्या मुठीवरची ही चिंधी एकदा ओढून पाहा. तिची शिवण अजूनही घट्ट आहे.