राजाभाऊंच्या घरचा मोडेम

मित्रांनो, दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात, माळ्यावर धूळ खात पडलेला मी एक मोडेम. कॉम्प्युटरची भाषा टेलिफोनच्या तारेतून जाईल अशा आवाजात बदलायची आणि तिकडून आलेला आवाज पुन्हा त्याच्या भाषेत आणायचा, हे माझं काम. ते मी चोख केलं. दुर्दैव एवढंच, की मी राजाभाऊंच्या हाती पडलो.

राजाभाऊ केंद्र सरकारात अवर सचिव. नव्व्याण्णव साली त्यांनी मला आणलं आणि येईल त्याला इंटरनेट शिकवू लागले. स्वतःला काही कळत नाही, ही अडचण त्यांना कधी जाणवली नाही. "हा डबा म्हणजेच इंटरनेट," असं ते माझ्या डोक्यावर टिचक्या मारत सांगत. काय हा अडाणीपणा! इंटरनेट म्हणजे जगभरचे एकमेकांना जोडलेले कॉम्प्युटर. मी नुसतं आत शिरायचं दार. वेबसाइट म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली पानं आणि ती पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ब्राउझर. एवढं साधं!

एका रविवारी सकाळी शेजारचे अण्णासाहेब आले. राजाभाऊंनी ताजमहालाचा फोटो 'डाउनलोड' करायला घेतला, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवरून आपल्याकडे उतरवून घ्यायला. दिल्लीहून आग्र्याला बस जाते, पण ते असो. मी चालू असलो की घरचा फोन बंद, तार एकच. आणि त्यांची मुलगी नीरजा गुडगावच्या नव्या सोसायटीत, दिवस भरलेली. जावई टूरवर.

राजाभाऊंच्या पत्नी वृंदाताई दोनदा येऊन गेल्या.

"अहो, बंद करा ना ते. नीरजाचा फोन येईल."

"अच्छा, म्हणजे अर्धा घुमट आलाय तो सोडून देऊ? बिल्कुल नाही."

"एकटी आहे ती."

"मग ईमेल करेल की! काय अण्णासाहेब?"

अण्णासाहेब हसले. आपण उघडून वाचेपर्यंत कॉम्प्युटरवर पडून राहतं ते पत्र म्हणजे ईमेल. कळा येणारी मुलगी ते लिहीत बसणार आणि हे घुमट बघून झाल्यावर वाचणार!

वृंदाताई पुढे आल्या आणि त्यांनी माझी तार उपटली. राजाभाऊ ओरडत असतानाच फोन वाजला.

"आई, कधीची लावतेय! सारखा एंगेज! अंगावरून पाणी गेलंय गं..."

"शेजारणीला हाक मार. हॉस्पिटलात जा, मी निघालेच."

बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती. डॉक्टरांनी तातडीनं ऑपरेशन केलं. मुलगी झाली, दोघी वाचल्या.

बारसं क्वार्टरातच झालं. राजाभाऊ पाहुण्यांना सांगत होते, "मी वेळेवर लाइन मोकळी केली, यार, म्हणून निभावलं!" अण्णासाहेब मान डोलावत होते. असे सोबती असले की माणूस कशाला सुधारतो?

वृंदाताई पेढ्यांचं ताट घेऊन आल्या. "तार मी काढली," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "हे ताजमहाल बघत होते." आणि त्यांनी पहिला पेढा नवऱ्याच्याच हातावर ठेवला.

पुढे ब्रॉडबँड आलं आणि मी माळ्यावर गेलो. मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, आमच्यावरची धूळ पुसा. पण माणसाच्या हाकेला आम्हाला बंद करायला ज्याचा हात उचलत नाही, त्यानं आम्हाला सुरूच करू नये.